मोफत तपासणी आणि कापलेला खाडा

प्रश्न : गेल्या महिला दिनी आमच्या सोसायटीने मोफत कर्करोग तपासणी शिबिर घेतलं. घरकामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं, आल्या मात्र चौघी. यंदा काय वेगळं करावं? (वाचक, कोथरूड)

उत्तर : आधी शिबिराची वेळ बघा. सकाळी दहा ते एक या वेळात या बायकांच्या हाताशी चार घरची भांडी असतात. तपासणी फुकट असली तरी खाडा कापला जातो, आणि चार घरचा खाडा कुणालाच परवडत नाही. म्हणून शिबिर दुपारी तीननंतर ठेवा आणि त्या दिवसाचा खाडा धरणार नाही, हे प्रत्येक घराने आपल्या बाईला आधी स्वतः सांगावं. ‘यांच्यात जागृतीच नाही’ म्हणणं सोपं आहे, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. त्यात तुमच्याआमच्या घरच्याही आल्या.

शिबिरासाठी व्हीआयए तपासणी सोयीची. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के असिटिक ॲसिड लावून एक मिनिट थांबतात आणि कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग उठतो का ते पाहतात. निकाल जागेवर मिळतो. पॅप तपासणीत गर्भाशयमुखाच्या पेशी प्रयोगशाळेत पाठवतात; तसं रिपोर्टसाठी इथे पुन्हा यावं लागत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, तरी या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पाळी चालू असताना किंवा गरोदरपणी व्हीआयए करू नये. पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो आणि व्हीआयए फसते. अशा बायकांसाठी एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी बरी. तिचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. खोली मात्र आतून कडी लागणारी, शेजारी संडास असलेली हवी. क्लबहाऊसमध्ये पडदा लावून भागत नाही.

खरी गळती डाग दिसल्यानंतर होते. ‘मोठ्या हॉस्पिटलात दाखवा’ एवढं सांगून बाईला घरी पाठवलं की एक दिवस केसपेपर आणि ओपीडीत जातो, दुसरा कॉल्पोस्कोपीत (दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहणं), तिसरा बायोप्सीत (तपासायला छोटा तुकडा काढणं), चौथा रिपोर्ट आणायला. दुसऱ्या दिवसानंतर अनेक जणी जात नाहीत. तेव्हा शिबिराआधीच जवळच्या महापालिका दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून पुढच्या तपासणीची तारीख ठरवून ठेवा, सोबतीला कोण जाणार ते नक्की करा आणि त्या दिवसांचाही खाडा माफ करा. बहुतेक पांढरे डाग कर्करोग नसतात, हे बाईला तिथल्या तिथे सांगा, नाहीतर ती भीतीनेच परतत नाही. कर्करोग निघालाच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. निदानापर्यंतचा खर्च मात्र बहुधा खिशातूनच जातो; सोसायटीने वर्गणी काढायची तर यासाठी काढावी.

स्तनाच्या कर्करोगाचं चित्र वेगळं आहे. तो खेड्यांपेक्षा शहरांत जास्त आढळतो. उशिरा मूल, कमी मुलं, कमी स्तनपान ही त्याची काही कारणं. पण गरीब बाई गाठ वाढल्यावर येते, म्हणून दगावण्याचं प्रमाण तिच्यात जास्त. शिबिरात प्रशिक्षित नर्सच्या हाताने होणारी स्तनांची तपासणी जरूर ठेवा.

प्रश्न : माझी मावशी तीस वर्षं मिश्री लावते. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, पण दुखत नाही. थांबावं का? (वाचक, हडपसर)

उत्तर : थांबू नका. सुरुवातीला हे दुखतच नाही, आणि त्यामुळेच उशीर होतो. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू; धूर नाही म्हणून ती निर्धोक होत नाही. मावशींना चूळ भरायला लावा, कवळी असेल तर काढा आणि टॉर्चच्या उजेडात दोन्ही गाल, ओठ-हिरडीमधली खाच, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू पाहा. चट्टा ओल्या कापसाने पुसला जात नसेल, लाल असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल किंवा उभी तीन बोटं तोंडात मावत नसतील, तर याच आठवड्यात ससून रुग्णालयात किंवा एखाद्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत न्या. चट्टा पुसला गेला तर बहुधा बुरशी असते, पण तोही दाखवाच. ‘सुई लागली की पसरतो’ या भीतीने बायोप्सी टाळू नका. ती भीती निराधार आहे. मिश्री सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते. पहाटे उपाशीपोटी भूक मारायला आणि पोट साफ व्हायला ती लावली जाते, म्हणून सकाळी उठल्याबरोबर काहीतरी खायला आणि कोमट पाणी द्या. नुसतं रागावून ती सुटत नाही.

प्रश्न : कंपनीच्या वार्षिक पॅकेजमध्ये ट्यूमर मार्कर आहेत. करून घेऊ का? (वाचक, हिंजवडी)

उत्तर : तक्रार नसेल तर नको. ट्यूमर मार्कर म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणारे घटक, पण ते इतर कारणांनीही वाढतात. त्यांपैकी सीए-१२५ पाळीत, गरोदरपणात, पोटाच्या टीबीतही वाढतो. सीईए धूम्रपानाने वाढतो. आकडा नॉर्मल आला तरी कर्करोग नाही असं ठरत नाही. तोच पैसा मुलीच्या एचपीव्ही लसीवर घाला. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, आणि पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळते. शिवाय एचआरला विचारा, कंत्राटी हाउसकीपिंग आणि सुरक्षारक्षक या वार्षिक तपासणीत आहेत का? त्यांच्यासाठी तोंडाची तपासणी आणि तिशीपुढच्या बायकांसाठी व्हीआयए, तीही पगारी वेळेत, एवढं मागून घ्या.