शब्दांची झाडाझडती: मेलेली रेघ?

प्रश्न: आमच्या फाउंड्रीला पुण्याहून रोज फोन, 'डेडलाइन पाळा'. डेड म्हणजे मेलेली ना? मग मेलेली रेघ पाळायची कशी?
– एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर: रेघ मेलेली नव्हे, मारणारी! अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदीतळावर तटाच्या आत एक बुटकं लाकडी कुंपण घातलं होतं. कैद्यानं ते ओलांडलं की वरून पहारेकऱ्याची गोळी. ती डेडलाइन. पुढे विसाव्या शतकात तिकडच्या वर्तमानपत्रांनी मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेला हेच नाव दिलं आणि तिथून ते तुमच्या भट्टीपर्यंत आलं.

आपली 'मुदत' मात्र जरा वेगळी. मुदत आठ दिवसांची असते, तिला लांबी आहे. डेडलाइन म्हणजे आठव्या दिवसाचं टोक. म्हणून 'आठ दिवसांची डेडलाइन' कानाला खटकतं. 'शनिवारची डेडलाइन' बरोबर. 'पाळा' चालेल, 'गाठा'ही चालेल. ती चुकली तर 'उलटली' म्हणा.

महाद्वार रोडवरचा माझा शिंपी दोन्ही शब्द वापरत नाही. 'उद्या या की सर,' म्हणतो. दिवाळीचा सदरा मला संक्रांतीला मिळाला.