बंदुकीसाठी पहिलं तेल कोणतं घ्यावं?

आधी बंदूक रिकामी करा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग तेल.

सुरुवातीला एकच सीएलपी (क्लीनर-लुब्रिकंट-प्रिझर्व्हेटिव्ह) तेल पुरे. सफाई, वंगण, गंजापासून बचाव, तिन्ही भागतं. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे मुळात पाणी हटवायला बनलाय, वंगण म्हणून त्यावर विसंबू नका.

नवखे हमखास चुकतात ते प्रमाणात. धातू घासून चकाकलेल्या जागा दिसतील, तिथेच एक थेंब बोटाने पसरवा. नुसती ओल जाणवली पाहिजे. ओघळ आला तर पुसा, नाहीतर दारूची काजळी बसून चिखल होतो.

- गोळी झाडण्याआधी नळीतून कोरडी चिंधी फिरवा.
- फायरिंग पिनच्या (काडतुसावर ठोका देणारी सुई) खाचेत तेल ओतू नका.

ग्रीसचं नंतर बघू. हात बसेल, घाई नको.