‘संभोग’ हा निव्वळ शरीरसुखाचा शब्द नव्हे

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एक भगिनी विवाहपूर्व समुपदेशनाची एक पुस्तिका गुजरातीतून मराठीत आणत आहेत. त्यांनी विचारले आहे की, पतिपत्नींमधील मनाची ओढ आणि शरीराचे सुख यांतला फरक दाखवताना पहिल्यासाठी ‘जवळीक’ आणि दुसऱ्यासाठी ‘संभोग’ हे शब्द योजले तर चालेल काय?

‘जवळीक’ अवश्य वापरावा. तो शब्द वाचवण्याचीच वेळ आली आहे. ‘दोघांत जवळीक झाली’ असे लिहून शरीरसंबंध सुचवण्याची रीत बातम्यांतून इतकी बोकाळली आहे, की मनाची जवळीक सांगायची असेल तर आता त्यामागे ‘भावनिक’ हे विशेषण लावावे लागते. लिहिणाऱ्याच्या संकोचापायी एका चांगल्या शब्दाचा अर्थ बुडावा, हे मला मुळीच मान्य नाही. शरीरसंबंध म्हणायचे असेल तर शरीरसंबंध म्हणावे. सुखासाठी ‘शरीरसुख’ आणि ‘रतिसुख’ हे शब्द आहेतच, त्यांविषयी वेगळे सांगायला नको. माझी खरी हरकत आहे ती ‘संभोग’ला एका बाजूला ढकलण्यावर.

हा शब्द सम् (एकत्र) हा उपसर्ग आणि भुज् हा धातू यांपासून झाला आहे आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, भुज् धातूचे दोन अर्थ दिले आहेत, ‘पालनाभ्यवहारयोः’, म्हणजे सांभाळणे आणि सेवन करणे. हे दोन अर्थ पाणिनीने ज्या रीतीने वेगळे केले आहेत, ती रीत मला व्याकरणातील अत्यंत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. ‘भुजोऽनवने’ (१.३.६६) या सूत्रानुसार रक्षणाचा अर्थ नसेल तेव्हा हा धातू आत्मनेपदी, म्हणजे ‘आपल्यासाठी’च्या रूपांत चालतो, आणि रक्षणाचा अर्थ असेल तेव्हा परस्मैपदी, म्हणजे ‘दुसऱ्यासाठी’च्या रूपांत; म्हणून भात खाणारा ‘भुंक्ते’ आणि पृथ्वीचे पालन करणारा राजा ‘भुनक्ति’. सेवन केले ते आपल्यासाठी, सांभाळले ते दुसऱ्यासाठी, असा भेद पदांच्या नावांतच उमटलेला आहे, आणि ज्या दोन गोष्टींमधला फरक या भगिनींना दाखवायचा आहे, त्या दोन्ही एकाच धातूच्या पोटात नांदत आहेत.

याच ठिकाणी ‘सह नौ भुनक्तु’ या मंत्राविषयीही बोलले पाहिजे. जेवणाआधी हा मंत्र म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे ‘आपण दोघे मिळून भोजन करू या’ असा त्याचा अर्थ बरेच जण, त्यांत स्वतःला संस्कृतज्ञ म्हणवणारेही, बिनदिक्कत सांगतात. तो अर्थ चुकीचा आहे. क्रियापद परस्मैपदी आहे, त्याचा कर्ता परमात्मा आहे आणि ‘नौ’ म्हणजे आम्हा दोघांना, गुरूला आणि शिष्याला. ‘तो आम्हा दोघांचे पालन करो’ एवढेच तिथे म्हटले आहे. त्याचप्रमाणे ‘संभोग’चा संबंध कोणी भुजांशी, म्हणजे आलिंगनाशी लावू पाहील, तर त्याने वाकणे या अर्थाचा दुसरा भुज् धातू निराळा ठेवावा. भुजा आणि भुजंग हे त्या धातूचे.

आता माझे मत सांगतो. ‘भोग’ हे नाम आहे आणि नामाला आत्मनेपद-परस्मैपद असा भेद नसतो. त्यामुळे क्रियापदात वेगळे पडलेले पालन आणि सेवन हे दोन्ही अर्थ नामात पुन्हा एकत्र येऊ शकतात, आणि ‘सम्’ लागल्यावर तर ते यावेतच. रूढीने ‘भोग’ सेवनाकडे झुकला, असे वैयाकरण म्हणतील, आणि ते खरेही आहे. पण मराठीने जपलेली वाक्यरचना त्यांनी नीट पाहावी. ‘भोगणे’ या क्रियापदाला कर्म लागते. जमीन भोगतात, शिक्षा भोगतात, आणि सातबाऱ्यावरच्या ‘भोगवटादार’ या शब्दात तर निव्वळ ताबा आहे. ‘तिला भोगले’ या वाक्याची किळस येते ती याच कारणाने, कारण तिथे स्त्री हे कर्म झालेले असते. संभोग मात्र कोणाचा करीत नाहीत, कोणाशी करतात. त्या ‘शी’मुळे समोरची व्यक्ती सोबती होते. जिथे ती सोबती नसते, तिथे बलात्कार हा वेगळा शब्द भाषेत आहे आणि तिथे तोच वापरला पाहिजे.

काव्यशास्त्रही याच बाजूने आहे. अभिनवभारती या अभिनवगुप्ताच्या टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंड आपल्या बडोद्यातूनच, गायकवाड प्राच्यमालेत, १९२६ साली निघाला. त्यातील सहाव्या अध्यायात शृंगाराची दोन अधिष्ठाने सांगितली आहेत, संभोग आणि विप्रलंभ. म्हणजे संभोगाच्या समोर शास्त्राने विरह ठेवला आहे, मन ठेवलेले नाही. विश्वनाथाने साहित्यदर्पणात केलेली व्याख्या तर याहून स्पष्ट आहे. एकमेकांवर अनुरक्त असलेले दोघे जिथे ‘दर्शनस्पर्शनादीनि’ सेवन करतात, तो संभोग. त्यात पाहणे आधी येते आणि स्पर्श नंतर; आणि ‘विलासिनौ’, ‘अनुरक्तौ’, ‘निषेवेते’ ही सगळी रूपे द्विवचनी आहेत.

तेव्हा पुस्तिकेत ‘जवळीक’ आणि ‘शरीरसुख’ ही जोडी समोरासमोर ठेवावी, जवळीकमागचे ‘भावनिक’ काढून टाकावे, आणि हे दोन्ही जिथे एकत्र नांदतात त्या प्रकरणाला ‘संभोग’ हे नाव निःसंकोच द्यावे.