डिझेल इंजिन विहिरीत उतरवावे का?

प्रश्न : एप्रिल उजाडला की आमच्या विहिरीचे पाणी तळाशी जाते आणि काठावरच्या डिझेल इंजिनचा पंप पाणी सोडून देतो. इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर ठेवावे व धूर पाइपने वर काढावा, असे गावातील जाणकार सुचवतात. हे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, उरुळी कांचन, जि. पुणे

उत्तर : नाही, धुराचा पाइप काठापर्यंत आणला तरीही नाही. इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्यामुळे डोके जड झाले, मळमळू लागले, हे लक्षात येऊन माणूस शिडीकडे वळेपर्यंत अंगातले बळच गेलेले असते. पाइपच्या एखाद्या सांध्यातून थोडा धूर गळला तरी विहिरीत वारा खेळत नसल्याने तो साचत जातो, आणि इंजिन बंद केल्यावरही ती हवा लगेच बदलत नाही. आत कोणी कोसळलेच, तर मागोमाग उतरू नये. वाचवायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ क्रमांकावर कळवावे; ते श्वसनयंत्र लावून उतरतात.

आता मूळ अडचण. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे, पण पाण्याला वर ढकलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे त्याहूनही कमी, आणि पाइप व त्याच्या तळाशी बसवलेली एकमार्गी झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, यांतील घर्षण वजा जाता हाती सहा-सात मीटरच उरतात. म्हणून आधी दोरीला वजन बांधून पंपाच्या मध्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते अधिक भरल्यास मोठे इंजिन आणूनही उपयोग नाही. सबमर्सिबल पंप पाण्यात सोडून त्याला वीज किंवा काठावर, उघड्यावर ठेवलेला जनरेटर द्यावा, हाच मार्ग आहे.

अंतर कमी असेल, तर पंप हवा धरतो आहे. इंजिन बंद असताना पंप पाण्याने काठोकाठ भरून दहा मिनिटे थांबावे. पातळी उतरली, तर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचा, एखादा सांधा गळतो आहे. ग्लँडचे, म्हणजे पंपाचा फिरता दांडा बाहेर येतो त्या जागेचे, पॅकिंगही त्याच वेळी पाहावे. अनेकांचा इंजिन उतरवण्याचा खटाटोप एवढ्यानेच टळेल, असे मला वाटते.

काठावरच्या इंजिनलाही काही पथ्ये आहेत. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे इंजिनने उलटा झटका दिला तरी हँडल हातातून सुटते. पट्ट्यावर जाळी हवीच. उपरणे किंवा ओढणी त्यात गुंतायला क्षणही लागत नाही. डिझेल मात्र इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच भरावे. ते पेट्रोलसारखे चटकन भडकत नाही हे खरे, परंतु तापलेल्या सायलेन्सरवर सांडल्यास पेटू शकते.