वाचकांचे प्रश्न : लाकडी पाटीवरची उठावाची अक्षरे आणि संगणकीय राऊटर

प्रश्न : मी सुतारकाम करतो आणि गेली अनेक वर्षे पटाशीने नावाच्या पाट्या कोरत आलो आहे. अलीकडेच दोन फूट बाय तीन फूट मापाचे सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र घेतले. एका घरासाठी ‘स्मृतिगंध’ ही पाटी सागवानात उठावाच्या, म्हणजे भोवतालचे लाकूड काढून वर उठलेल्या अक्षरांनी करायला घेतली, पण तीन अडचणी आल्या. यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये नाव टाइप केले तर ‘ति’ची वेलांटी ‘त’च्या मागे जाऊन बसली आणि ‘स्मृ’ फुटला. दुसऱ्याकडून अक्षरे काढून आणली, तर शिरोरेषेत जागोजागी उभ्या चिरा कोरल्या गेल्या. तिसऱ्यांदा अक्षरे नीट आली, पण अनुस्वार उडाला आणि ‘ग’चा काना कडेने तुटला. अक्षरांची उंची ५० मिमी, काना ५ मिमी रुंद, खोली ८ मिमी आणि बिट (यंत्राचे फिरते कापणारे पाते) ६ मिमीचे सरळ होते. चूक यंत्राची की माझी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण मापे लिहून पाठवलीत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. यंत्रात दोष दिसत नाही. पहिल्या दोन अडचणी अक्षरांच्या आराखड्यातल्या आहेत आणि तिसरी लाकडातली आहे.

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहिताना आधी येते, आणि जोडाक्षरात दोन-तीन चिन्हे मिळून एक आकार होतो. ही जुळणी फॉन्ट आणि प्रोग्रॅम यांनी मिळून करायची असते. कोरीवकामाचे बरेच प्रोग्रॅम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असल्यामुळे ते चिन्हे टाइप केलेल्या क्रमानेच एकापुढे एक मांडतात. म्हणून मजकूर यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करूच नये. इंकस्केप हा विनामूल्य प्रोग्रॅम युनिकोड देवनागरी बरोबर जुळवतो. तेथे नाव लिहावे, ते मराठी वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे आणि मगच ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा देऊन अक्षरांचे रेषांमध्ये रूपांतर करावे.

शिरोरेषेतल्या चिरांचे कारण याच पुढच्या पायरीत आहे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो, आणि पडद्यावर रेषा सलग दिसावी म्हणून हे तुकडे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. छपाईत हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण काळ्यावर काळे पडते. राऊटर मात्र बाह्यरेषेवरून चालतो आणि प्रत्येक तुकड्याची कड ही कोरायची कड समजतो. रूपांतर झाल्यावर अक्षरांचा गट सोडवून सगळे भाग निवडावेत आणि ‘युनियन’ (सगळे भाग जोडून एक आकार करणारी आज्ञा) करावे, म्हणजे शिरोरेषा एकसंध होते. त्यानंतर केवळ बाह्यरेषा दाखवणारे दृश्य लावून आत एकही आडवी-उभी रेषा उरलेली नाही ना, हे पाहावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ही कटकट टाळण्यासाठी काही जण सगळ्या अक्षरांवरून एक लांब पट्टी ओढतात आणि तीच शिरोरेषा मानतात. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण नसते. पट्टी ओढताच ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. आपल्या पाटीचे शेवटचे अक्षरच ‘ध’ आहे. एखाद्याच्या घराचे नाव वर्षानुवर्षे दारावर चुकीचे राहणे मला फार अनुचित वाटते.

आता तुटण्याविषयी. हाताने कोरताना आपण लाकडाच्या तंतूंची दिशा पाहूनच पटाशी चालवत असाल. यंत्र ती पाहत नाही, म्हणून आपण ती आधी पाहायची. पाटीची फळी आडवी असते आणि तंतू तिच्या लांबीच्या दिशेने जातात. शिरोरेषा त्याच दिशेने जात असल्यामुळे तिच्यात तंतू लांबच लांब राहतात आणि ती भक्कम असते. काना मात्र तंतूंना आडवा छेद देतो, त्यामुळे ५ मिमी रुंदीच्या कान्यात प्रत्येक तंतू अवघा ५ मिमी लांबीचा उरतो. अशी ८ मिमी उंच, उभ्या कडांची भिंत बिटाच्या बाजूच्या दाबाने कलली की तळाशी चीर जाते. अनुस्वार तर कशालाच जोडलेला नसतो, तो एकटा खांब असतो. माझा स्वतःचा नियम असा आहे, की अक्षराच्या सर्वांत बारीक भागाच्या रुंदीपेक्षा उठाव जास्त ठेवायचा नाही. या पाटीला ४ मिमी उठाव पुरेसा आहे. पाटीवर तिरपा उजेड पडला की तेवढ्यानेही सावली स्पष्ट उमटते.

दुसरा उपाय बिटाचा. ६ मिमीच्या सरळ बिटाने फक्त मोकळी पार्श्वभूमी काढावी आणि अक्षरांच्या कडा ६० अंशांच्या व्ही-बिटाने (इंग्रजी ‘V’सारख्या निमुळत्या टोकाच्या बिटाने) घ्याव्यात. कड तिरपी झाल्याने अक्षर तळाशी रुंद होते. ४ मिमी खोलीवर ही कड प्रत्येक बाजूला सुमारे २.३ मिमी बाहेर येते, म्हणून काना आणि अनुस्वार दोन्ही टिकतात. शिवाय काना शिरोरेषेला मिळतो त्या आतल्या कोपऱ्यात सरळ बिट ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडते, तर व्ही-बिट तेथे हळूहळू वर उचलली जाऊन कोपरा टोकदार करते. याची किंमतही आहे. दोन आकारांमधली फट ४.६ मिमीपेक्षा कमी असेल तर बिट पूर्ण खोलीपर्यंत उतरत नाही आणि तेथे तळ उथळ राहतो. त्यासाठी अक्षरांमधले अंतर थोडे वाढवावे आणि जाड, मोकळ्या पोटाच्या अक्षरांचा फॉन्ट निवडावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. त्यांपैकी बालूची गोलसर टोके राऊटरला विशेष मानवतात.

वेगाचे गणित सोपे आहे. स्पिंडलचे (बिट फिरवणाऱ्या दांड्याचे) मिनिटाला १८,००० फेरे, बिटाला दोन धारा आणि प्रत्येक धारेने ०.०८ मिमी लाकूड काढायचे असेल, तर फीड (बिट लाकडातून पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला २,८८० मिमी येतो. आपले यंत्र हलके असेल तर फेरे आणि फीड दोन्ही त्याच प्रमाणात उतरवावेत. फक्त फीड कमी केला तर बिट लाकूड कापण्याऐवजी घासते आणि कड करपते. बिट लाकडावरून एकदा चालवताना ३ मिमीपेक्षा खोल जाऊ नये. सागवानातील सिलिकामुळे धार लवकर बोथट होते, म्हणून कार्बाइड या कठीण धातुमिश्रणाचेच बिट वापरावे. बिट बदलल्यावर उंचीचे शून्य (बिटाचे टोक लाकडाला टेकते ती पातळी) पुन्हा लावणे विसरू नये, नाहीतर दोन बिटांच्या तळांमध्ये पायरी पडते.

प्रश्न : माझ्याकडे यंत्र नाही, पण हे काम शिकण्याची फार इच्छा आहे. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : निम्मे शिक्षण यंत्राविना होते. इंकस्केपमध्ये आपल्या ओळखीची दहा नावे जोडाक्षरांसह मांडून त्यांच्या शुद्ध बाह्यरेषा तयार करा. यंत्रावर हात बसवण्यासाठी फॅब लॅब, म्हणजे संगणकीय यंत्रे सर्वांना वापरायला देणारी कार्यशाळा उपयोगी पडते. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून अशी प्रयोगशाळा आहे. तेथे किंवा आपल्या जवळच्या अशा ठिकाणी चौकशी करावी. पहिल्या सरावाला एमडीएफ (लाकडाच्या भुशासारख्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी) चालते, कारण त्यात तंतूंची दिशा नसते, मात्र त्याची धूळ अतिशय बारीक असल्यामुळे नाकावर चांगला मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र हवेच. बाहेर लावायच्या पाटीला एमडीएफ वापरू नये, ते पाण्याने फुगते. त्यानंतर पूर्ण वाळलेल्या शिवणीच्या फळीवर एकच अक्षर कोरून पाहा. त्यासाठी ‘क्ष’ घ्या, कारण त्याच्या आतल्या अरुंद जागेत बिट जाते की नाही, हे तेथेच कळते.