तुझं सिझर आणि त्यांची तीन नातवंडं

"ताई, मी साताऱ्याची, वय 31. चार वर्षांपूर्वी 14 तास कळा सोसल्या, मग बाळाचे ठोके मंदावले आणि सिझर करावं लागलं. सासूबाई अजून ऐकवतात, 'आमची पाच बाळंतपणं घरात झाली, तुला एक निभावलं नाही.' आता मोठे दीर घरच्या ग्रुपवर 'तीन मुलं हवीत' असे व्हिडिओ टाकतात. मला दुसरं नकोच असं नाही, पण त्या टेबलाची भीती वाटते. नवरा गप्प असतो. मी कमी पडले का?"

बाई गं, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. तू कुठेही कमी पडली नाहीस. 14 तास कळा आणि वर पोटाला टाके, दोन्ही तऱ्हेच्या बाळंतपणांचं दुखणं एकदम तुझ्या वाट्याला आलं. सासूबाईंना एकदा निवांत विचार, त्यांच्या ओळखीतल्या किती बाळंतिणी आणि किती बाळं गेली. रागाने नको, मनापासून विचार. त्या पिढीतल्या बायकांच्या मनात अशी एक तरी आठवण दडलेली असते.

विनाकारण सिझर होतात, हे खरंच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली 47 बाळंतपणं सिझरने झालेली दिसली, सरकारीत 14. पण त्याचा जाब दवाखान्यांना विचारायचा. तो तुझ्याकडे का मागावा?

आता ते व्हिडिओ. 2024 च्या डिसेंबरात नागपुरात मोहन भागवत म्हणाले होते की, जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 2.1 च्या खाली जाऊ नये, म्हणून दोनपेक्षा जास्त, तीन मुलं हवीत. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा 1.7 होता, त्यामुळे या काळजीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. पण राज्याची तूट एका सुनेने भरून काढायची नसते. शिवाय दिरांना हे ठाऊक नसावं: दर सिझरगणिक पुढच्या खेपेला वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लासेंटा, जुन्या जखमेत रुतण्याचा धोका वाढतो. मग रक्तस्राव आवरेनासा झाला तर गर्भाशय काढायची वेळ येते. तिसरं मागणाऱ्याने आधी हे ऐकून घ्यावं.

मला तुझी भीती जास्त महत्त्वाची वाटते. डिस्चार्ज कार्ड शोध. गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, हे त्यात नसेल तर दवाखान्यातून ऑपरेशनची नोंद मागून घे. पोटावरच्या व्रणावरून ते कळत नाही. छेद खालचा आडवा असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर पुढच्या वेळी सिझरशिवाय प्रयत्न करता येतो. प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या 60 ते 80 जणींना ते साधतं. जुनी शिवण उसवण्याचा धोका साधारण शंभरात एकीहून कमी, पण तो असतो, म्हणून रात्री-अपरात्री ऑपरेशन, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल असंच ठिकाण निवड. त्यापेक्षा आधीच तारीख ठरवून सिझर करावंसं वाटलं, तर तेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल. आणि हे सगळं समजून घेऊनही मन नको म्हणालं, तर एकावर थांब.

डॉक्टरांकडे नवऱ्याला बरोबर ने, त्याला सगळं ऐकू दे. मग आईशी आणि भावाशी त्यानेच बोलायचं: "हे आमचं दोघांचं आहे, तिला विचारू नका." तुझ्या पत्रात सासूबाईंबद्दल, दिरांबद्दल लिहिलंस, नवऱ्यावर एकच छोटी ओळ होती, आणि मला तीच सगळ्यात जास्त दुखरी वाटली. हे त्याला आजच सांग.