गणित की संख्याशास्त्र?

चि.,
अनेक आशीर्वाद.

बीएस्सीनंतर एमएस्सी कशात करू, असं विचारलंस आणि सोबत 'स्कोप कशाला जास्त?' हेही. स्कोपचं आधी उरकतो. पुण्यात संख्याशास्त्रवाल्यांना नोकरी लवकर लागते. औषधांच्या चाचण्या, बँका, विमा, सगळीकडे त्यांचं काम असतं. गणिताची वाट लांबची: प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, पीएचडी, मग शिकवणं. पण एवढ्यावर ठरवू नकोस.

त्यापेक्षा आज रात्री संगणकावर 'आर' ही संख्याशास्त्राची प्रणाली उघड. कॉशी वितरणातून (दिसायला नॉर्मलसारखंच घंटाकृती, पण शेपट्या फार जाड) हजार संख्या घे आणि प्रत्येक टप्प्यावर तोवरची सरासरी काढून आलेख काढ. नॉर्मल वितरणातल्या संख्यांची सरासरी हळूहळू स्थिरावते. कॉशीची नाही. जरा शांत झाली म्हणेपर्यंत एक अवाढव्य संख्या येते आणि आलेख उडी मारतो. लाख घेतल्यास तरी तेच, कारण स्वतंत्र कॉशी चलांची सरासरी पुन्हा तशीच कॉशी असते! आता स्वतःच्या मनाकडे बघ. कॉशीच्या सरासरीचं इंटिग्रल अभिसारी का नाही, मोठ्या संख्यांच्या नियमाची (संख्या वाढत गेल्या की सरासरी स्थिरावते, या नियमाची) कोणती अट मोडली, यात जीव अडकला तर गणित घे. 'मग केंद्र कशानं शोधू, मध्यक चालेल का, चूक किती होईल' हे आधी सुचलं तर संख्याशास्त्र.

'लिनिअर अल्जिब्रा झालंय' असं तू लिहिलंस, त्याची मात्र मला काळजी वाटते. झाली ती परीक्षा. रिग्रेशनमध्ये, म्हणजे आकड्यांना रेषा बसवताना, आपण निरीक्षणांच्या सदिशाचा कॉलम स्पेसवर (मॅट्रिक्सच्या स्तंभांपासून बनणाऱ्या अवकाशावर) लंब प्रक्षेप घेतो. हे डोळ्यांसमोर आलं नाही तर एमएस्सीची दोन्ही वर्षं सूत्रं पाठ करण्यात जातात. सममित मॅट्रिक्सच्या स्पेक्ट्रल प्रमेयाची सिद्धता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिही. जिथं अडशील तिथून वाचायला लाग.

जॅममध्ये, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेत, गणित आणि गणितीय संख्याशास्त्र असे वेगळे पेपर असतात, फॉर्म भरताना नीट बघ. विद्यापीठाच्या प्रवेशाकडेही लक्ष ठेव. आणि गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान, ही गणिताची संस्था, तुझ्याच गावात, पुण्यात आहे. तिथं व्याख्यान असलं की जात जा. अर्धं डोक्यावरून गेलं तरी बस. गणित करणारी माणसं फळ्यासमोर विचार कसा करतात, हे वर्गातल्या नोट्समध्ये दिसत नाही.

सिद्धता लिहून झाली की फोटो पाठव. अपुरी असली तरी पाठव, खाडाखोड तशीच राहू दे.